आषाढातली चूल

निवृत्त झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी घरातल्या सगळ्यांचं मूल्यमापन करून टाकलं. घरात माणसं दोनच आणि त्यातली एक मी, त्यामुळे ते सगळं नवऱ्याच्या वाट्याला आलं. भाजी आणायला गेलेला माणूस कोपऱ्यावर किती वेळ गप्पा मारतो, पंखे पुसायचं काम किती रविवार पुढे ढकललं गेलंय, हे मी त्याला जेवताना ऐकवत असे. माणूस शांत आहे. एके दिवशी त्याने फोनवर आलेली एक जाहिरात माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "हे बघ, इथे लोकांच्या चुका काढायला माणसं हवी आहेत. मोबदला काही नाही. तुझ्यासाठीच काढलेली दिसतेय."

जाहिरात मानांकन देणाऱ्या एका संस्थेची होती. हल्ली कॉलेजांतून प्रकल्प व्यवस्थापन शिकवतात. पूल असो, दवाखाना असो, काहीही उभं करायचं तर कामं कशी आखायची, कुणी केव्हा काय करायचं आणि अडलं तर काय, याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तो नीट शिकवला जातोय की नाही हे ही संस्था तपासते आणि शिक्का देते. तपासायला प्राध्यापक असतात, पण त्यांच्या जोडीला प्रत्यक्ष कामं केलेलं एक माणूस लागतं, तेही स्वयंसेवक. माझं सगळं आयुष्य पाणीपुरवठ्याच्या योजना उभ्या करण्यात गेलं होतं. अर्ज आठवड्याभरात मंजूर झाला.

मग चार शनिवार संगणकासमोर बसून प्रशिक्षण झालं. त्यात काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही हेच जास्त होतं. सल्ला द्यायचा नाही. कौतुक करायचं नाही. भेटवस्तू घ्यायची नाही, साधं पेनसुद्धा नाही. फक्त पुरावा बघायचा आणि जे दिसलं ते लिहायचं. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "पहिल्याच कलमाला तू नापास होणार."

पहिली दोन-तीन वर्षं मला नुसते कागद आले. कॉलेजाचं नाव झाकलेलं, वर फक्त क्रमांक. कॉलेजाने स्वतःबद्दल लिहिलेला तो अहवाल घरी बसून वाचायचा आणि शेरे लिहून पाठवायचे. मला हे काम फार आवडलं. खिडकीशी खुर्ची, चहा, आणि समोर कुणातरी अनोळखी माणसाने केलेल्या चुका. माझे शेरे खुसखुशीत असतात असं संस्थेतल्या कुणीतरी एकदा ईमेलात लिहिलं, ते ईमेल मी अजून काढून टाकलेलं नाही.

त्यानंतर मला प्रत्यक्ष भेटीला पाठवायचं ठरलं आणि पहिलीच भेट निघाली सोलापूरची.

मी सोलापूरचीच. शुक्रवार पेठेत वाढले, इंजिनिअर झाले आणि नोकरीला म्हणून जी बाहेर पडले ती पुण्यातच राहिले. आता तिथे आमचं घर नाही, जवळचं कुणी नाही. संस्थेच्या अर्जात 'या कॉलेजाशी आपला काही संबंध आहे का' असा रकाना होता. मी 'नाही' लिहिलं, कारण मी गाव सोडलं तेव्हा त्या कॉलेजाच्या जागी ज्वारी होती.

समितीत आम्ही दोघंच होतो. अध्यक्ष म्हणजे नागपूरकडचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना मी सर म्हणायची. सरांनी अशा भेटी इतक्या केल्या होत्या की कुठल्या गावात कमिटीला काय जेवायला मिळतं हे त्यांना तोंडपाठ होतं. स्टेशनवरून सात रस्त्याला हॉटेलवर जाताना त्यांनी मला विचारलं, "शेंगाची चटणी पहिल्या दिवशी देतील की दुसऱ्या?" मी त्यांना कॉलेजाचा अहवाल वाचलात का विचारलं. ते म्हणाले, "चाळला. फार छान आहे."

अहवाल छान होता हीच तर माझी तक्रार होती. विद्यार्थ्यांनी गावात खरीखुरी कामं करायची, अशी या अभ्यासक्रमाची अट आहे. त्यांनी सहा कामं केली होती आणि सहाच्या सहा ठरलेल्या दिवशी पूर्ण. एकही दिवस इकडचा तिकडे नाही. मी स्वतः जितक्या योजना केल्या त्यातली एकही वेळेत झाली नाही. एका गावात तर उद्घाटनाची पाटी आधीच कोरून आणली होती, तिच्यावरची तारीख आम्ही तीन वेळा सिमेंटने बुजवली. त्यामुळे त्या कामांच्या तारखांचे सहा तक्ते बघून मला आधी हसू आलं आणि मग राग. आमची ही फाईल कुणी नीट वाचणार नाही, असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

सकाळी कॉलेजाच्या दारात प्राचार्य, दोन रांगा विद्यार्थी आणि एक टेबल उभं होतं. टेबलावर सरांसाठी चादर, माझ्यासाठी साडी, आणि दोन नारळ. मी हात जोडून नियम सांगितला.

"असं कसं मॅडम, घ्या की," प्राचार्य म्हणाले. "सोलापुरातनं पाहुणा चादरीशिवाय गेला तर लोक आम्हाला काय म्हणतील?"

"पेनसुद्धा चालत नाही हो आम्हाला."

"पेन कुठं देतोय? चादर देतोय."

हे असं बराच वेळ चाललं. विद्यार्थी हार धरून उभे, त्यातल्या एकाचा हात भरून आला म्हणून त्याने हार दुसऱ्याकडे दिला. शेवटी सर पुढे झाले. त्यांनी चादर उघडली, हाताने पोत बघितला, पुन्हा घडी घातली आणि म्हणाले, "स्वीकारली. आता ही आणि ती साडी आमच्यातर्फे कॉलेजाच्या अतिथीगृहाला भेट." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नारळ तिथेच फोडून वाटले. पुढे दोन दिवस मला सरांबद्दल थोडा आदर वाटत राहिला, तो त्या चादरीमुळे.

चहाच्या वेळी प्राचार्यांनी समन्वयक मॅडमची ओळख करून दिली. हा अभ्यासक्रम त्याच चालवायच्या. पस्तिशीच्या असतील. अक्कलकोटच्या बाजूच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. अंगावर इरकल, हातात रुमाल, आणि त्या रुमालाची त्यांनी इतकी घडी घातली होती की तो काडेपेटीएवढा झाला होता. "मॅडमनी एकटीनं उभा केलाय बघा कोर्स," प्राचार्य म्हणाले. मग बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवत अगदी सहज म्हणाले, "ट्रस्टींनी सांगितलंय, यंदा शिक्का मिळाला तर कोर्स ठेवायचा. न्हाईतर जूनपासनं बंद. मॅडमची ऑर्डर पण दर जूनला नवीन निघती, कोर्स न्हाई म्हटल्यावर ऑर्डर कुठली काढायची?"

समन्वयक मॅडम हसल्या. त्यांच्यासमोर त्यांची नोकरी बिस्किटांबरोबर पुढे सरकवली होती आणि त्या पाहुण्यांसमोर हसत होत्या. मला ते आवडलं नाही. पण पुरावा बघायला आलेल्या माणसाला काय आवडतं याला रकाना नसतो.

दुपारपर्यंत फायली बघितल्या. सगळ्या एका रंगाच्या, एकाच अक्षरातल्या आणि नव्याकोऱ्या. दोन वर्षांपूर्वीच्या कामाच्या फाईलला डिंकाचा ताजा वास येत होता. विद्यार्थ्यांना विचारलं, कामात अडचण काय आली? एकजण उभा राहून म्हणाला, "काही नाही मॅडम. सर्व कामे नियोजनानुसार पार पडली." दुसऱ्यानेही हेच सांगितलं, शब्दही तेच. मी तिसरीकडे वळले तर ती घाईघाईने म्हणाली, "माझंपण तेच आहे मॅडम." तिच्या उत्तराने मला फार बरं वाटलं.

जेवायला कडक भाकरी होती, आणि शेंगाची चटणी. सरांनी माझ्याकडे विजयी नजरेने बघितलं. ही भाकरी आमच्याकडे पापडासारखी कुरकुरीत करतात, महिनाभर टिकते. समन्वयक मॅडमनी सांगितलं की ही ज्या बचत गटाने केलीय तिथेच विद्यार्थ्यांचं सहावं काम झालं. गटातल्या बायका एकीच्या घरी दाटीवाटीने भाकऱ्या करायच्या. त्यांना एका शेडमध्ये हलवायचं, तिथे धुराडं, वाळवायच्या जाळ्या आणि नव्या चुली बसवून द्यायच्या, बारा आठवड्यांत. फाईलप्रमाणे ते बाराव्या आठवड्याच्या शनिवारी संपलं होतं.

जेवणानंतर त्या गटाच्या दोघीजणी आम्हाला भेटायला आणल्या. अभ्यासक्रमाचा ज्यांना उपयोग झाला त्या लोकांशी बोलायचं, असा नियम आहे. एक तरुण होती. दुसरी साठीची, नऊवारीतली, कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेली, खुर्चीत मांडी घालून बसलेली. तिला सगळे अक्का म्हणत होते. सरांचं पोट भरलेलं होतं, त्यांचे डोळे हळूहळू मिटत होते. समन्वयक मॅडम भिंतीशी उभ्या होत्या आणि प्राचार्य दारात.

"शेड कशी आहे मावशी?" मी विचारलं.

"लई झ्याक हाय."

"काम कधी झालं?"

अक्काने भिंतीकडे बघितलं. "येळेत," ती म्हणाली.

"वेळेत म्हणजे कधी?"

"ठरल्याप्रमानं."

तिचंही पाठांतर पक्कं होतं. मी फाईल उघडली. चुली पेटवल्याची तारीख बघितली, जुलैचा मध्य. ती तारीख मी पुण्याहून निघायच्या आधी दोनदा वाचली होती आणि दोन्ही वेळा पुढे गेले होते. पण आता समोर ती भस्म लावलेली बाई बसली होती, आणि मला एकदम माझी आई आठवली. आम्ही शुक्रवार पेठेतच दुसऱ्या घरात राहायला गेलो तेव्हा आईने बाबांना महिनाभर थांबवलं होतं. सामान बांधलेलं, जुना घरमालक रोज विचारायचा, पण आई हलली नाही.

"म्हणजे नवी चूल तुम्ही आषाढात पेटवली?" मी विचारलं.

अक्काने मांडी मोडली. "आशाडात?" ती म्हणाली. "आमी काय येड्या हाव का? आशाडात नवी चूल कोन पेटवतंय? तुमच्यात पेटवत्यात का?"

"आमच्यातही नाही."

"मग इचारताय कशाला? श्रावनात पेटवली. पयल्या सोमवारी. दूद उतू घातलं, समद्यास्नी परसाद दिला, कालेजच्या पोरींनी फोटू काढलाय की."

दारात प्राचार्यांना खोकला आला. तरुण बाईने अक्काचा पदर ओढला. अक्काने तो सोडवून घेतला. "बाकी समदं तुमी सांगितल्यावानी सांगितलं की मी," ती तिला म्हणाली, पण आवाज सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा. "देवाधर्माचं खोटं कसं सांगू? ही बाई उद्या म्हनंल सोलापूरच्या बायांस्नी काय कळत न्हाय."

सर जागे झाले होते. मी हसू दाबायला फाईलमध्ये तोंड घातलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला फार आनंद झाला होता. मी चोर पकडला होता, तोही आईच्या पंचांगाने. हॉटेलवर गेल्यावर मी नवऱ्याला फोन करून सगळं सांगितलं, अक्काचा आवाज काढून. तो पोटभर हसला आणि मग म्हणाला, "आता त्या बाईचं काय होणार?" मी म्हटलं, कुठल्या? तो म्हणाला, "भिंतीशी उभी होती ती." खोटा पुरावा सापडला तर मानांकन नाकारायचं, हे आमच्या नियमात अगदी स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या फोननंतर मी कुणाला आवाज काढून दाखवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोचलो तेव्हा समन्वयक मॅडम विभागाच्या दारात उभ्या होत्या. डोळे सुजलेले. हातात निळ्या पुठ्ठ्याची शंभर पानी वही.

"मॅडम, ही बघता का?" त्या म्हणाल्या. "ही दाखवायची नव्हती."

आम्ही आत बसलो. ती त्या भाकरीच्या कामाची रोजची नोंद होती, त्यांच्या अक्षरात, घाईत लिहिलेली, मध्येमध्ये पिठाचे डाग. सुरुवातीला सगळं सुरळीत. मग जुलै येतो. 'आज सहा जणी यायच्या होत्या. काल विचारलं तर येतो की म्हणाल्या. कोणी आल्या नाहीत. एकीला ताप, एकीकडे पाहुणे, बाकीच्यांनी फोन उचलला नाही.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. 'विद्यार्थी विचारतात, सगळ्यांना एकदम ताप कसा आला? मी काही बोलले नाही.'

मला ते वाचताना सगळं कळत होतं. आमच्याकडे तोंडावर नाही म्हणत नाहीत. येतो की, बघू की, करू की. नाही म्हणायचं असलं की ताप येतो. बाहेरून आलेला माणूस महिनाभर वाट बघतो आणि मग म्हणतो, इथले लोक आळशी आहेत.

"तुम्हाला आषाढाचं ठाऊक नव्हतं?" मी विचारलं.

"ठाऊक होतं की मॅडम. आमच्या घरी पण न्हाई पेटवत."

"मग आराखडा करतानाच का नाही सांगितलं?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "प्रोजेक्टच्या प्लॅनमध्ये आषाढ कसा लिहायचा?" त्या म्हणाल्या. "संगणकात सुट्टी टाकायला रविवार असतो, पंधरा ऑगस्ट असतो. मला वाटलं, बाहेरचे लोक बघतील, म्हणतील अडाणी आहेत. म्हणून मी गप्प बसले. मला वाटलं, बायका करतील कसंतरी."

पुढच्या पानावर लिहिलं होतं: 'आज विद्यार्थ्यांना आषाढ सांगितला. विद्यार्थी माझ्यावर चिडले. त्यांचं बरोबर आहे.' आणि त्याच्या पुढे चार पानं नवा आराखडा, मुलांच्या अक्षरात. रविवारची सुट्टी काढून टाकलेली, कारण बायकांना रविवार चालतो. अमावास्या सुट्टीत धरलेल्या. श्रावणातले सोमवार उपासाचे, म्हणून अर्धे धरलेले. आणि एक ओळ लाल शाईत, चौकट काढून: 'येतो की म्हणाल्या तर घरी जाऊन पुन्हा विचारायचं.' त्या दिवसानंतरचं एकही काम चुकलं नव्हतं. बारा आठवड्यांचं काम एकोणीस आठवड्यांत झालं, पण नंतरचे सगळे आठवडे त्यांनी सांगितले तसेच गेले.

मी नोकरीत असताना असा आराखडा एकदाही केला नाही. आम्ही ताप आला असंच लिहून घ्यायचो.

"अहो, हे सोनं आहे," मी म्हणाले. कौतुक करायचं नाही हे कलम मी तिथे मोडलं. "हे ठेवून तुम्ही ती डिंकाच्या वासाची फाईल का दाखवलीत?"

त्यांनी वहीच्या मागच्या कव्हरमधून घडी केलेला एक कागद काढला. आधीच्या खेपेला मानांकन अर्ध्यावर अडकलं, तेव्हा संस्थेकडून आलेला शेरा. इंग्रजीत होता, मराठीत साधारण असा: 'ठरल्या वेळेत न संपणाऱ्या कामाला प्रकल्प म्हणत नाहीत, सहल म्हणतात. या अभ्यासक्रमात आम्हाला फक्त सहली दिसल्या.'

"हे ट्रस्टींनी मीटिंगमध्ये मोठ्यांदा वाचलं," त्या म्हणाल्या. "सगळे हसले. मी पण हसले. तेव्हापासनं स्टाफरूममध्ये मला सहलवाल्या मॅडम म्हणतात. मग मी ठरवलं, ह्यांना वेळेत झालेलंच पाहिजे ना, वेळेत झालेलंच देऊ."

कागद माझ्या हातात होता. ते वाक्य माझं होतं. खिडकीशी बसून लिहिलेलं, क्रमांकाच्या कुठल्यातरी कॉलेजासाठी. लिहिल्यावर मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं होतं आणि तो हसला नाही म्हणून समजावूनही सांगितलं होतं. जिच्या एकाही योजनेचं उद्घाटन ठरल्या दिवशी झालं नाही, तिने लिहिलं होतं.

गप्प बसता आलं असतं. नाव कुठेच नव्हतं, त्यांना कधीही कळलं नसतं. पाचेक मिनिटं मी वहीची पानं उलटीसुलटी करत राहिले. मग म्हणाले, "हे मी लिहिलंय."

"तुमी?"

"हो. मला माहीत नव्हतं कुठलं कॉलेज आहे. पण लिहिलं मीच."

त्यांनी कागद परत घेतला, पुन्हा वाचला आणि घडी घातली. "वाक्य चांगलं होतं," त्या म्हणाल्या. त्या टोमणा मारत नव्हत्या. त्यामुळेच मला जास्त लाज वाटली. तोंडावर दोन शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

सरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं ते म्हणतील, जाऊ द्या, जेवायला चला. ते चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. "खोटी फाईल आपल्या अहवालात लिहावी लागेल," ते म्हणाले. "त्यातून सुटका नाही. पण वहीसुद्धा पुरावाच आहे ना? मग तीही लिहा. जेवढी खोटी फाईल लिहाल तेवढीच वही लिहा, एक ओळ कमी नको."

"आणि माझं वाक्य?"

"ते कुठल्या रकान्यात बसतं?"

कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. मी ते 'इतर' खाली लिहिलं. या अभ्यासक्रमाच्या मागच्या मूल्यमापनातला शेरा माझा होता, तो चुकीचा होता, आणि या खोट्या फायली त्या शेऱ्याचं उत्तर म्हणून तयार झाल्या आहेत. सरांनी वाचून सही केली. आयुष्यात जेवणाशिवाय कशाची घाई न करणारा हा माणूस, पण सही मात्र त्याने लगेच केली.

दुपारी शेवटची बैठक होती. प्राचार्य, दोन ट्रस्टी, समन्वयक मॅडम आणि आम्ही. काय आढळलं ते वाचून दाखवायचं असतं, चर्चा करायची नसते. फायली खऱ्या नाहीत हे वाक्य आल्याबरोबर प्राचार्य म्हणाले, "हे आम्हाला माहीत नव्हतं. समन्वयकांनी परस्पर केलेलं दिसतंय." म्हणताना त्यांनी समन्वयक मॅडमकडे बघितलंसुद्धा नाही. काल दारात खोकणारा माणूस हाच होता, आणि मला त्यांना विचारायचं होतं की तो खोकला कसला होता. पण चर्चा करायची नसते.

समन्वयक मॅडम उभ्या राहिल्या. हातात तो काडेपेटीएवढा रुमाल होता.

"फायली मीच केल्या," त्या म्हणाल्या. "वही पण मीच लिहिलीय. दोन्ही माझ्या नावावर लिहा."

एका ट्रस्टीने विचारलं, कसली वही? सरांनी ती टेबलावरून त्याच्याकडे सरकवली. तो गृहस्थ उघडून वाचायला लागला, आणि आम्ही निघेपर्यंत वाचतच होता. मध्येच एकदा तो स्वतःशीच "खरं आहे, ताप येतो" असं म्हणाला.

निकाल मे महिन्यात लागला. नियमाने नकारच यायचा, पण वही आणि 'इतर' खालची नोंद बघून संस्थेने एका वर्षाचं सशर्त मानांकन दिलं. पुढच्या फेब्रुवारीत नवी समिती येऊन पुन्हा बघणार आणि त्यावर कायमचं काय ते ठरणार. कोर्स चालू राहिला, जूनची ऑर्डर निघाली. मला संस्थेने एक पत्र पाठवलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले होते आणि त्या अभ्यासक्रमापुरतं मला कायमचं बाद केलं होतं. ते योग्यच होतं. शेरे मी अजून लिहिते, पण त्यातलं जे वाक्य मला फार आवडतं ते पाठवायच्या आधी काढून टाकते. हल्ली माझे शेरे कंटाळवाणे असतात असं नवरा म्हणतो.

परवा समन्वयक मॅडमचा फोन आला. मागे वर्गातला गोंगाट ऐकू येत होता. अक्काने मला निरोप दिला होता, पुण्यात कडक भाकरी मिळत नसेल तर कळवा. मग त्या म्हणाल्या, "फेब्रुवारीत तुम्ही येणार ना मॅडम?"

"नाही. मला येता येणार नाही आता तुमच्याकडे."

"मग कोण येणार?"

"ते मलाही कळत नाही."

"यंदाचं एक काम मागं पडलंय," त्या म्हणाल्या. "पाच आठवडे. वहीत सगळं लिहिलंय, का मागं पडलं ते. तेच दाखवू?"

"दाखवा."

"येणाऱ्यांना खरं चालतं का?"

मला हो म्हणायचं होतं. ज्या लोकांबरोबर मी प्रशिक्षण घेतलं ते सगळे डोळ्यांपुढे आणले, चांगली माणसं, घरी खिडकीशी चहा घेऊन बसणारी. मी म्हणाले, "सांगता येत नाही. पण तरी खरंच दाखवा."

"दाखवते," त्या म्हणाल्या. "तुमी म्हनताय तर दाखवते. पण न्हाई चाललं तर नोकरी माझी जानार हाय, मॅडम. तुमची न्हाई."